धसमुसळी पोर आणि घरची मंडळी

मराठी भाषा मुलींच्या बाबतीत मोठी चमत्कारिक आहे. झाडावर सरसर चढणारी, भांडणात पहिला गुद्दा घालणारी, वेणीफणीपेक्षा विटीदांडूत जीव असणारी मुलगी एखाद्या घरात जन्माला आली, की तिच्यासाठी शब्दांचा नुसता पाऊस पडतो. धसमुसळी, दांडगट, आडदांड, उंडारणारी, द्वाड, घोडी! एकदा वर्गात सहज हे शब्द फळ्यावर लिहू लागले, तर मुलींनी आपापल्या घरची भर घालून फळा पार भरून टाकला. त्यात एक 'अवखळ' सोडला तर कौतुकाचा शब्द औषधालासुद्धा नव्हता. हेच सगळे गुण मुलाच्या अंगी असले, तर आपण 'पोरगं मोठं धीट आहे हो' म्हणून मोकळे होतो. इंग्रजांची तऱ्हाही फारशी निराळी नाही. त्यांचा 'टॉमबॉय' हा शब्द सोळाव्या शतकात दांडगाई करणाऱ्या मुलांनाच लावीत असत. पुढे तो मुलींना चिकटला आणि मुलींचाच होऊन बसला.

या मुलीचे मन पहिल्यांदा कोणावर जाते तेव्हा त्याला काय म्हणावे, ही दुसरी अडचण. 'प्रेम' हा शब्द फार जड. तो उच्चारला की मागोमाग मंगलाष्टके तरी ऐकू येतात, नाहीतर आत्महत्येची बातमी तरी. माझ्या विद्यार्थिनी सरसकट 'क्रश' म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ चिरडणे असा आहे, हे सांगितले की त्या हसतात. मला विचाराल तर आपल्या भाषेतले 'मनात भरणे' हेच झकास. बाजारात एखादे लुगडे मनात भरते, प्रवासात एखादे गाव मनात भरते, तसाच कधी एखादा माणूसही. आणि मनात भरलेली प्रत्येक वस्तू घरी आणलीच पाहिजे, असे काही नसते.

हे इतके साधे व्याकरण. पण धसमुसळ्या मुलीच्या मनात कोणी भरले, की शहाण्यासुरत्या घरातली चांगली शिकलेली माणसे ते कसे विसरतात, हे मी अगदी जवळून पाहिले आहे. ज्या मुलीची ही हकिगत, ती आता मोठी झाली आहे. तिची परवानगी घेऊन, आणि ओळख पटू नये इतपत इकडचे तिकडे करून, ती सांगते आहे.

मी नोकरीनिमित्त जव्हारला आले तेव्हा आमचा जिल्हा ठाणे होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निराळा झाला आणि आम्ही बसल्या जागी पालघरकर झालो. जव्हार म्हणजे एके काळी मुकणे राजांचे संस्थान. १९४८ साली ते मुंबई राज्यात विलीन झाले. राजवाडा अजून टेकडीवर उभा आहे आणि सुटीच्या दिवशी मुंबई-नाशिकची मंडळी तो पाहायला येतात. गावात नोकरदार, व्यापारी, शिक्षक. आणि गावाची वेस ओलांडली की वारली, कोकणा, ठाकर, महादेव कोळी, कातकरी यांचे पाडे. पावसाळ्यात धुके इतके उतरते की समोरच्या घरातला दिवा दिसत नाही. मात्र त्या धुक्यातूनही कोणाची मुलगी कोणाशी बोलत उभी होती, ते गावाला स्वच्छ दिसते! लहान गावाचे हे वैशिष्ट्य आपल्या शहरी वाचकांच्या सोसायट्यांनाही परके नसावे.

आमच्याच आळीत, दोन घरे सोडून, या मुलीचे बिऱ्हाड. वडील सरकारी कचेरीत अव्वल कारकून, आई घर सांभाळणारी, आजी, आणि नाशिकला इंजिनिअरिंग शिकणारा मोठा भाऊ. भावाचे जुने शर्ट घालूनच ही वाढली, म्हणून घरात तिला लाडाने 'दादा' म्हणत. खरा दादा घरी आला की 'दादा' अशी हाक मारताच दोघेही ओ देत. केस मानेच्या वर कापलेले, गुडघे कायम सोललेले, सायकल हात सोडून चालवणार. खो-खोत तिचा हात धरणारा आळीत कोणी नव्हता. पहाटे ती मैदानावर धावायला जाई आणि परत येताना माझ्या खिडकीशी ओरडे, "मावशी, उठा! कॉलेजच्या बाईंना झोप शोभत नाही." आई वैतागून म्हणे, "मॅडम, हिचं कसं व्हायचं हो? पोळी लाटायला बसवली तर पोळीचा भारताचा नकाशा होतो." वडील मात्र मनातून खूष असत. आलेल्यागेलेल्याला 'हा आमचा धाकटा मुलगा' अशी ओळख करून देत आणि स्वतःच मोठ्याने हसत. दहावीपर्यंत हे सारे असेच हसण्यावारी चालले होते.

दहावीची परीक्षा आटोपली आणि ती मोखाड्याला मामाकडे गेली. मोखाडा जव्हारहून एसटीने पाऊण-एक तासाच्या वाटेवर. होळी झाली की त्या भागात बोहाड्याचे दिवस येतात. ज्यांनी बोहाडा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. हा सोंगांचा उत्सव. रात्री मशालींच्या उजेडात, वाद्यांच्या तालावर, देवादिकांचे आणि राक्षसांचे मोठमोठे मुखवटे चढवून माणसे नाचत येतात. गणपती येतो, सरस्वती येते, नरसिंह येतो, रावण येतो. एकामागून एक सोंगे रात्रभर चालतात. शेवटी देवी आणि महिषासुर यांची झुंज होते आणि महिषासुर पडतो. मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे, रंगवलेले, वजनदार. ते डोक्यावर पेलून नाचायचे म्हणजे मानेची आणि पायांची परीक्षाच. सोंग नुसते करमणुकीचे नव्हे. बायाबापड्या पदर पुढे घेऊन त्या मुखवट्याला हात जोडतात. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवावी अशी: देवीचे सोंगही पुरुषच नाचवतो.

मामाकडून परत आली ती निराळीच. चार दिवस मैदानावर गेली नाही. आरशापुढे उभी राहू लागली. एकदा मला विचारले, "मावशी, महिषासुराची गोष्ट नीट लिहिलेली असेल असं पुस्तक आहे का तुमच्याकडे?" मी पुस्तक दिले. ते घेऊन ती गच्चीवर गेली आणि तिन्हीसांजेपर्यंत खाली आली नाही. नंतर महिनाभरात चार वेळा मोखाड्याला जाऊन आली. कधी मामीला लोणच्याच्या कामात मदत करायची म्हणून, कधी कोणाला बरे नाही म्हणून. जी पोर स्वतःच्या आईला कोथिंबीर निवडून देत नसे, ती मामीच्या लोणच्यासाठी एसटीचे धक्के खात जाते, ही गोष्ट कोणाच्याही नजरेत भरण्यासारखीच होती.

भरलीही. मात्र घरातल्या प्रत्येकाने तिचा अर्थ आपापल्या स्वभावाप्रमाणे लावला.

आईला वाटले, देव पावला! मुलगी आरशात बघते आहे, म्हणजे आता ती मुलगी होणार. त्या माउलीने बाजारातून काचेच्या बांगड्या आणल्या, दोन पंजाबी पोशाख शिवायला टाकले आणि केस वाढवण्यासाठी माक्याचे तेल कढवले. वडिलांची रीत कचेरीतली. त्यांनी चार फेऱ्यांच्या तारखा मांडल्या, मामाला फोन करून पडताळा घेतला आणि दोन फेऱ्यांना ती मामाकडे जेमतेम अर्धा तास टेकली होती, हे शोधून काढले. भाऊ सुटीवर आलेला. त्याला मित्राकडून समजले की एसटीत आपली बहीण एका मुलाशेजारी बसून खिदळत होती. मग त्याने आईचा मोबाइल तपासला. त्यात एका क्रमांकाशी रोजची एकच देवाणघेवाण. इकडून 'उद्या साडेपाच?', तिकडून 'हो. साडेपाच.' भावाच्या मते याहून धडधडीत पुरावा आणखी काय हवा होता?

हा क्रमांक होता तिच्याबरोबर धावणाऱ्या मुलाचा. मोखाड्याच्या वाटेवर त्याचा पाडा. शिकायला तो जव्हारच्या एका वसतिगृहात राही. साडेपाच म्हणजे पहाटेचे साडेपाच, मैदानाच्या फेऱ्यांची वेळ. शनिवारी तो घरी जाई, तेव्हा दोघांची एसटी एकच असे. पण संशयाला एवढा तपशील पुरत नाही. शिवाय मुलगा पाड्यावरचा. हे वाक्य घरात कोणी मोठ्याने उच्चारले नाही. पण सगळे बोलणे त्याच्याभोवतीच फिरत होते. नाशिकच्या आत्याला बोलावणे गेले. आत्या आल्या त्या नुसत्या आल्या नाहीत, एक 'चांगले घराणे' पदराला बांधूनच आल्या. "आत्ताच काही नाही हो, नुसतं बोलून ठेवायचं. अठरा पूर्ण झाली की बघू," असे त्यांचे म्हणणे. तोवर मुलीने नाशिकला आपल्याकडे राहावे, घरकाम शिकावे, कॉलेज काय, बाहेरूनही देता येते! आणि मैदान? मैदान त्याच दिवशी बंद झाले. वडील आणि भाऊ वसतिगृहाच्या गृहपालांना भेटून आले. तिथे काय बोलणे झाले ते ठाऊक नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा मैदानावर दिसला नाही.

मुलीने रागाच्या भरात बांगड्या अंगणात आपटून फोडल्या. आईने रडत रडत माझ्याकडे धाव घेतली. "मॅडम, तुम्ही तरी विचारा तिला. आमच्याशी तोंड उघडत नाही."

विचारणे एवढेच खरे तर काम होते. तोवर घरातल्या एकानेही तिला सरळ प्रश्न विचारला नव्हता! तिच्या फेऱ्या मोजल्या होत्या, फोन तपासला होता, तिच्यासाठी तेल कढवले होते, स्थळही आणले होते. फक्त विचारायचे तेवढे राहिले होते.

माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून ती बोलली. "तो? तो नाहीच, मावशी. तो तर माझा भिडू आहे." खो-खो खेळणाऱ्याच्या तोंडी भिडू या शब्दाला केवढे वजन असते, ते खेळलेल्यालाच कळेल. मग थोड्या वेळाने, पातेल्यावरचे झाकण उगाच फिरवीत, तिने खरी गोष्ट सांगितली. बोहाड्याच्या शेवटी तिने देवीचे सोंग पाहिले. देवी म्हणजे अर्थातच लुगडे नेसलेला एक तरुण. त्याचे पाय, त्याची मान, तो महिषासुरावर चाल करून गेला तेव्हाचा झपाटा! सोंग उतरल्यावर मुखवटा बाजूला ठेवून तो घटाघटा पाणी पीत होता, तेव्हा ही धीर करून पुढे गेली आणि विचारले, "किती जड असतो हो हा?" त्याने हसून म्हटले, "उचलून बघ की." हिने तो दोन्ही हातांनी उचलून पाहिला. एवढेच. त्या तरुणाचे नावही तिने विचारले नव्हते. पुढच्या चार फेऱ्या त्यासाठीच. पण तो पुन्हा दिसला एकदाच, रस्त्यापलीकडे, सिमेंटच्या गोणी उतरवताना. ही लांबून बघून परत आली.

"आवडला का गं तुला?" मी विचारले.

"तेच कळत नाही ना," ती म्हणाली. "तो आवडला, का मला त्याच्यासारखं नाचायचं होतं, तेच कळत नाही. आणि मावशी, एक सांगा. तो पुरुष असून देवी होतो, लुगडं नेसतो, सगळे त्याच्या पाया पडतात. मी नुसता शर्ट घातला तर आई रडते. असं का?"

वीस वर्षे मराठी शिकवीत आले, पण पहिल्या ओढीचे इतके प्रामाणिक वर्णन कोणाच्या तोंडून मी ऐकले नव्हते. सोळाव्या वर्षी आपल्याला तो माणूस हवा असतो की त्या माणसासारखे व्हायचे असते, हे दोन निराळे धागे सुटे झालेलेच नसतात. सगळ्याच मुलामुलींचे असे होते. धसमुसळ्या मुलीचे अंमळ अधिक होते. कारण धावणे, झुंजणे, सगळ्यांच्या देखत अंग मोकळे सोडणे, जे तिला स्वतःला करावेसे वाटते, ते तिच्याभोवती बहुधा पुरुषच करताना दिसतात.

घरच्यांना हे का दिसू नये? माझ्या मते याचे कारण आपल्या डोक्यात बसलेल्या एका जुन्या गोष्टीत आहे. मुलीचा दांडगटपणा म्हणजे बालपणीचे एक दुखणे, आणि प्रेम हा त्यावरचा उतारा, अशी ती गोष्ट. रवींद्रनाथ टागोरांची १८९३ मधली 'समाप्ती' ही कथा पाहा. तीतली मृण्मयी ही गावभर हुंदडणारी पोर. शहरातून शिकून आलेला अपूर्व चिखलात घसरून पडतो तेव्हा खदखदून हसणारी. लग्न होते, ती बंड करते, आणि शेवटी मनात प्रेम उगवल्यावर तिची समजूतदार पत्नी होते. सत्यजित राय यांनी १९६१ च्या 'तीन कन्या' चित्रपटात ही कथा पडद्यावर आणली. कथा सुंदरच आहे. पण तिच्या शेवटाला हुंदडणारी मृण्मयी उरत नाही. अमेरिकेत लुइझा मे अल्कॉट हिने १८६८ मध्ये निर्माण केलेली ज्यो ही अशीच मुलखावेगळी मुलगी. शांता शेळके यांच्या 'चौघीजणी' या अनुवादातून ती मराठी घरांत आली आणि आपलीच झाली. अल्कॉटला ज्यो अविवाहित ठेवायची होती. पण तिचे लग्न शेजारच्या लॉरीशी लावा, म्हणून मुलींची पत्रांवर पत्रे आली. अखेर लेखिकेने लग्न लावले, मात्र वाचकांना हवे होते त्याच्याशी नव्हे, एका प्रौढ प्राध्यापकाशी! वाचकांनी जो हट्ट धरला तोच आपण घरोघरी धरतो. मुलगी कितीही वेगळी असो, शेवटच्या प्रकरणात ती बोहल्यावर उभी दिसली पाहिजे.

दुसरे कारण इतिहासात आहे. मनात कोणी भरायला आधी मनाला थोडी सवड लागते. आपल्या पणज्यांना ती सवड कुठली? रमाबाई रानडे यांचे लग्न १८७३ साली झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवले, स्वातंत्र्यानंतर ते पंधरा झाले, आणि १९७८ मध्ये अठरा. परकर सुटला आणि माप ओलांडले, यांच्यामध्ये मुलीला चार-सहा वर्षे मोकळी मिळाली ती अशी, कायद्याने आणि शाळेने. ती आपल्याकडे दोन-तीन पिढ्यांपुरतीच जुनी आहेत. त्या वर्षांत मुलीने काय करायचे असते, हे अजून आपल्या घरांना पुरते उमगलेले नाही. म्हणून मुलगी त्या वर्षांत कोणाकडे नुसती पाहू लागली, तरी घर एकदम पुढचा मुक्काम गाठते.

गंमत अशी की जव्हारच्या वेशीबाहेर थोडी निराळी रीत नांदते. वारली समाजात पुष्कळदा मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत करून एकत्र संसार थाटतात आणि लग्नाचा समारंभ पुढे पैसा जमेल तेव्हा, कधी मुले झाल्यावरही होतो. लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे एक बाई. मुलीच्या पसंतीत पाप आहे असे त्यांना वाटत नाही. अर्थात तिकडे सारे आलबेल आहे, असेही मी म्हणणार नाही. कोवळ्या वयातली बाळंतपणे आणि पोटाला पुरेसे नसणे यांनी या डोंगरांत काय केले आहे, ते १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी साऱ्या महाराष्ट्राला दाखवले. अठरा हा आकडा नुसता कागदावरचा नाही, त्यावर जीव अवलंबून असतात, हे आम्हांला इथे राहून चांगले ठाऊक आहे. पण मुलीला काय आवडते हे ऐकून घेण्याची जी सवय पाड्यावर आहे, ती आमच्या आळीत असती, तर बांगड्या फुटल्या नसत्या.

आणि मैदानाबद्दल म्हणाल, तर आमच्या मोखाड्याच्या हद्दीला लागूनच नाशिक जिल्ह्यातला त्र्यंबकेश्वर तालुका आहे. तिथल्या सावरपाड्याच्या डोंगरवाटांवर कविता राऊत धावली. तिने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझौच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. तिला 'सावरपाडा एक्स्प्रेस' म्हणतात. आमच्या आळीतल्या घराघरांत तिचे कौतुक झाले होते. वडिलांनीच लेकीला तिचे वर्तमानपत्रातले छायाचित्र कापून दिले होते. दुसऱ्याच्या मुलीने धावावे, आपलीने मात्र सातच्या आत घरात यावे, असे हे कौतुक!

शेवटी घरात शब्द टाकला तो आजींनी. इतके दिवस त्या माळ ओढीत गप्प बसल्या होत्या. मी मुलीचे म्हणणे, तिच्याच सांगण्यावरून, घरच्यांपुढे ठेवले. भाऊ ओशाळला, वडील खिडकीबाहेर पाहू लागले. आत्या मात्र म्हणाल्या, "आज मुखवटा आवडला, उद्या माणूस आवडेल."

तेव्हा आजी म्हणाल्या, "आवडू दे की. मला पंधराव्या वर्षी उजवली. माझ्या मनात कोण भरलं होतं, ते मला आजपर्यंत कुणी विचारलं नाही."

खोलीत अगदी सामसूम झाली. सून सासूकडे पाहतच राहिली. वडिलांनी आपल्या आईकडे त्या नजरेने बहुधा पहिल्यांदाच पाहिले असेल. कोणीही पुढचा प्रश्न विचारला नाही. आजींनीही सांगितले नाही. त्या पुन्हा माळ ओढू लागल्या. पण दुसऱ्या दिवशी आत्या आपले चांगले घराणे घेऊन नाशिकच्या गाडीत बसल्या, आणि जुलैत मुलीचे नाव अकरावीला जव्हारमध्येच घातले गेले. पहाटे साडेपाचला माझ्या खिडकीशी पुन्हा आरोळी ऐकू येऊ लागली.

इथे गोष्ट संपवता आली असती तर वाचकांना दिवाळीचा फराळ अधिक गोड लागला असता. पण तसे झाले नाही. ज्याच्यामुळे काहीच घडले नव्हते, तो भिडू परत आला नाही. त्याने वसतिगृह सोडले आणि पुढचे शिक्षण दुसऱ्या तालुक्यात घेतले, एवढेच कळले. मुलगी दोनदा त्याच्या पाड्यावर गेली. दोन्ही वेळा तो घरात असून बाहेर आला नाही. त्याच्या आईने पाणी दिले आणि म्हणाली, "पोरी, नको येत जाऊ. तुझी मानसं मोठी हाईत." वडिलांनाही पुढे वाईट वाटले, ते एकदा माझ्याशी त्याविषयी बोलायला आले आणि पावसापाण्याचे बोलून गेले. त्या मुलाला 'आमचा गैरसमज झाला' असे शब्द त्या घरातून कोणी ऐकवले नाहीत. मला विचाराल तर या साऱ्या प्रकरणातले खरे नुकसान हेच. देवीच्या सोंगाची ओढ पुढचा पावसाळा संपेतो आपोआप ओसरली. तशी ती ओसरणारच होती. पण जी मैत्री निष्पाप होती, आणि दोघांच्याही पायांना बळ देत होती, ती मोठ्या माणसांनी एका संध्याकाळी मोडली. ती पुन्हा जुळली नाही.

मुलगी आता नाशिकला शारीरिक शिक्षण शिकवते. केस अजून मानेच्या वरच आहेत. मध्ये आली होती तेव्हा आईने हौसेने विचारले, "कोणी मनात आहे का गं?" तिने हसून म्हटले, "असलं तर सांगीन. आता तुम्ही विचारता ना!" तिच्या या एका वाक्यात आमच्या आळीने केलेली प्रगती सगळी आली.

दिवाळीत मुलेमुली घरी येतात. कोणी गप्प दिसेल, कोणी आरशापुढे अंमळ जास्त वेळ उभी राहील, कोणी मोबाइल पालथा ठेवील. आयांनी लगेच बांगड्या आणू नयेत, बापांनी फेऱ्या मोजू नयेत, भावांनी हेर होऊ नये. फराळाचे ताट पुढे करावे आणि साधेपणाने विचारावे, काय गं, काय चाललंय तुझं? उत्तर लगेच मिळेलच असे नाही. पण आपल्याला कोणी विचारले होते, हे मुलीच्या ध्यानात राहते. आणि न विचारल्याचे तर साठ वर्षांनीही राहते.